अण्णांची अट

सुई पुन्हा बोटात घुसली, तशी तिनं कापड टेबलावर आपटलं.

"मास्क शिवतेयस की मांजर पकडतेयस?" नवऱ्यानं विचारलं. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. आत्ता तेच पुसत बसला होता.

"हसू नकोस. दुकानात मिळाला असता तर कशाला बसले असते?"

साथ केव्हाच ओसरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडचे मास्क संपले, ते त्यानं पुन्हा मागवलेच नव्हते. आणि सकाळी दादाचा फोन आला होता.

"अण्णांनी तुम्हा दोघांना बोलावलंय. पण तू मास्क लावून ये. घरात असेपर्यंत काढायचा नाही, असं बजावलंय."

"का रे? बरं नाही का त्यांना?"

"तू ये तर खरी," म्हणून दादानं फोन ठेवला होता.

बँडवाल्याशी लग्न केलं म्हणून अण्णांनी तिच्याशी अबोला धरला, तो आजतागायत. असा माणूस आपणहून बोलावतो, ते कशासाठी? त्यांची छाती आधीच नाजूक. बाहेरचं वारंसुद्धा सोसत नसणार आता. तिचे डोळे भरून आले आणि टाका पुन्हा वाकडा गेला.

नवऱ्यानं ट्रम्पेट खाली ठेवलं. उशीच्या अभ्र्याचे दोन पदर त्यानं नीट जुळवून धरले, तिनं चुण्या घातल्या. इलॅस्टिक त्याच्याच पायजम्यातून निघालं.

"अण्णांसाठी पायजमा गमावला मी," तो म्हणाला. ती रडता रडता हसली.

दार दादानं उघडलं. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. मागून वहिनी आली, तिच्याही नाही.

"कुठल्या खोलीत झोपवलंय त्यांना?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"झोपवलंय?" वहिनी म्हणाली. "सकाळपासून डोकं खातायत माझं, अजून कशी आली नाही म्हणून!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अण्णाच बाहेर आले. बाह्या सरसावलेल्या, हातात अर्धा चिरलेला कांदा. चांगले गरगरीत झाले होते. मास्क त्यांनाही नव्हता.

ती मटकन खुर्चीत बसली.

"अण्णा, तुम्ही बरे आहात?"

"मला काय धाड भरलीय?" मग तिच्या नवऱ्याकडे बघून ते जरा खाकरले. "या जावईबापू, बसा. उभे का?"

मास्क ओला झाला होता, आत गुदमरत होतं. हसत हसत तिनं कानामागचं इलॅस्टिक ओढलं.

"अगं, थांब! काढू नकोस!" अण्णा ओरडले.

कांदा टेबलावर टाकून ते लगबगीनं पुढे आले. हात सदऱ्याला पुसले, मास्क स्वतःच्या हातानं तिच्या नाकावर नीट चढवला आणि हळूच म्हणाले, "चारचौघांत बोलून बसलोय ना गं मी, पुन्हा तुझं तोंड बघणार नाही म्हणून!"