या जेवायला
सुवा बंदराच्या कामगारवस्तीत रीतच होती: जेवताना दार उघडं ठेवायचं आणि वाटेनं जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणायचं. महागाई चढत गेली तशी शिवणकारखान्यातली लोसालिनी मात्र दार लावून जेवू लागली. हाकेला कुणी आलंच, तर पानात वाढायचं काय? या महिन्यात किमान मजुरी वाढली. वाढीव पगार हाती पडताच तिनं भलामोठा मासा आणला, नारळाच्या दुधात शिजवला आणि दार सताड उघडलं. “या जेवायला!” शेजारची म्हातारी वासिती वाटेतच थबकली. “अगं बाई, कडी मोडली की काय दाराची?” “मोडली, आजी! या ना आत.” “खरंच बोलावतेस, की नुसती तोंडदेखली हाक?” “आधी टेका तर चटईवर!” म्हातारी बसली. लोसालिनीनं माशाचं डोकं, वडीलधाऱ्यांचा मान, तिच्या ताटात वाढलं आणि स्वतः घास घेण्याआधी पुढच्या वाटसरूला साद घातली.