मांजराचं दान

डोळे मिटून बिंदुमाधव गुरुजींनी ‘प्रतिगृह्णामि’ म्हटलं आणि त्यांच्या ओंजळीत काहीतरी ऊबदार वळवळलं.

सोनं काही वळवळत नाही. गुरुजींनी डोळे उघडले. हातात राखाडी रंगाचं मांजराचं पिल्लू होतं आणि ते त्यांच्या अंगठ्यावरचं संकल्पाचं पाणी चाटत होतं. समोर नाशिकच्या नीरजाबाई हात जोडून बसलेल्या, शेजारी रिकामी टोपली. त्यांच्या गाडीखाली मांजरी मेली होती. त्याचं प्रायश्चित्त म्हणजे काशीला येऊन सोन्याचं मांजर दान करायचं, हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ. टोपलीत तेच असणार अशी गुरुजींची समजूत. बाई म्हणाल्या, हे तिचंच पिल्लू, मागे राहिलेलं. सोन्याच्या मांजरानं ह्याचं काय भलं होणार होतं? आता काय बोलता! एकदा स्वीकारलेलं दान परत करता येत नाही, हे गुरुजीच तीस वर्षं पंचगंगा घाटावर लोकांना बजावत आलेले.

आणि कपाटावरून म्हाळसा बघत होती.

म्हाळसा ही घरची मांजरी. घरची कसली, घरच तिचं. गल्लीतली माकडंसुद्धा तिच्या गच्चीवर उतरताना विचार करायची. तिनं पिल्लाची मान धरली तर? दान गुरुजींनी घेतलं, म्हणजे हत्याही त्यांच्याच माथी. पाप फेडायला माणसं काशीला येतात. काशीतल्यानं कुठं जायचं? हे दान घेणारा घाटावर दुसरा एकच, त्यांचा हाडवैरी नरहर. त्या नरहरच्या हातावर पाणी सोडायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

नीरजाबाईंनी मोबाइलवर वाचलं होतं की दोन्ही मांजरांना दहा दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचं, मग हळूहळू ओळख करून द्यायची. गुरुजींच्या पत्नी शरदिनीबाई म्हणाल्या, खोल्या दोन, त्यातली एक देवाची, आणि मध्ये नुसता पडदा. त्यापेक्षा म्हाळसा रोज ह्यांच्या उपरण्यावर झोपते, त्यातच पिल्लाला गुंडाळा. वास ओळखीचा होईल.

गुंडाळलं. म्हाळसा धप्पकन खाली उतरली. माझ्या अंथरुणात हे कुठलं कार्टं, असा तिचा चेहरा. ती फिस्कारली, तिनं पंजा उगारला, आणि गुरुजींनी पिल्लू पोटाशी धरून पाठ फिरवली. पंजा त्यांच्या दंडावर बसला. चांगले चार ओरखडे उठले, पण पिल्लू काही त्यांनी सोडलं नाही.

आजवर किती यजमानांनी त्यांच्या हातावर सोन्याची मांजरं ठेवली होती. मेलेलं मांजर कसं होतं, हे त्यांनी एकालाही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

“ह्याची आई कशी होती हो?”

“अशीच राखाडी. आमच्याच जिन्याखाली व्याली होती,” नीरजाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. गुरुजींना फार वाईट वाटलं.

उपरणं गेलं तर गेलं, मांडी तरी आपली, असं ठरवून म्हाळसा गुरुजींच्या मांडीवर चढली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. पिल्लू एक नंबरचं बावळट. उपरण्यातून बाहेर सरपटलं आणि थेट तिच्या पोटाशी शिरलं.

“हलू नका बिलकुल,” शरदिनीबाई कुजबुजल्या.

म्हाळसा गुरगुरली. तिनं पिल्लाला हुंगलं, मग पुन्हा हुंगलं. शेवटी मोठ्या उपकारानं त्याचा एक कान चाटला आणि डोळे मिटून घेतले. गुरुजींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

तेवढ्यात दाराशी नागपूरची मंडळी आली. पूजा सांगायला गुरुजी मोकळे आहेत का, असं विचारत होती. शरदिनीबाईंनी दार अर्धंच उघडलं.

“अनुष्ठानाला बसलेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आज काही उठायचे नाहीत.”