दहा मिनिटांचा हणमंत

व्यसनमुक्ती केंद्रात दत्तारामने दंड पुढे केला. दंडावर चिकटवलेल्या पट्टीने घाम तपासला. नशेच्या पुडीचा अंश सापडला नाही, एचआयव्ही टाळायच्या गोळीचा मात्र सापडला. हिरवा दिवा लागला आणि बक्षीस म्हणून यंत्रातून हणमंत बोलला.

"गोळी घेतलीस का रे, म्हाताऱ्या?"

"घेतली बाबा. तुझ्यासारखा मरतोय होय!"

हणमंत खळखळून हसला. दोघांनी अकरा वर्षं संसार केला होता. हणमंतला जाऊन चार वर्षं झाली होती; हा आवाज यंत्राने त्याच्या जुन्या ध्वनिफितींवरून घडवला होता.

दहा मिनिटं संपली तशा समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "आज नव्वद दिवस झाले, काका. तुम्ही बरे झालात. आता हा आवाज कायमचा बंद होईल."

दत्तारामने बाही खाली ओढली. मग त्याने हळूच विचारलं, "पुन्हा पूड ओढली, तर पहिल्या दिवसापासून सुरू करता ना?"