दहा सेकंद

माझ्या पंचाहत्तरीचा घरच्यांसोबतचा फोटो माझाच व्हिडिओ कॅमेरा माझ्याच जुन्या कॉम्प्युटरला जोडून काढायचा, असं मी ठरवलं. बटण दाबल्यावर चित्र पकडायला तो कॉम्प्युटर चांगले दहा सेकंद घेतो. तेवढ्यात मी आरामात जाऊन मधल्या खुर्चीत बसतो.

"बाबा, मोबाईलवर एका मिनिटात झालं असतं," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच तुमचं काही टिकत नाही," असं म्हणून मी कोणी कुठे, कसं बसायचं ते पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

अकरा फोटो निघाले. अकराही फोटोंत मी झकास हसतोय आणि बाकीच्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. सूनबाई तर घड्याळच बघतायत.

बाराव्यांदा बटण दाबलं आणि चष्मा आठवला, म्हणून तो आणायला आत गेलो. परत येऊन स्क्रीनवर पाहतो तर काय, सगळे अगदी खळखळून हसतायत! "हाच फ्रेम करायचा!" सगळे एका सुरात ओरडले. या घरात पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.



मधली खुर्ची तेवढी रिकामी आली होती.