आशाबाईची सुई

रबरी हातमोज्यांचं खोकं कपाटात कुलूपबंद होतं.

दवाखान्याच्या आवाराच्या भिंतीला फवारणीचे पंप टेकवलेले. माणसांबरोबरच आलेले.

पाण्याचा गडू दिसला की कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस भिंतीत शिरू पाहत होता.

दवाखान्यातली आया आशाबाई उघड्या हातांनी त्याची लाळ पुसत होती.

खाटेवरचा तो देवमन. कुत्रं चावलं तेव्हा अंगारा लावून शेतावर गेला होता. खाटेवरच, दिवस कलायच्या आत त्यानं जीव सोडला.

कपाटाची किल्ली सबीहा सिस्टरच्या कमरेला होती. त्या सालात फवारणीचं औषध पिऊन माणसं यायची, त्यांचं पोट धुवायला मोजे पुरवून वापरावे लागत. बाकी कशालाही काढायचे नाहीत, असा दवाखान्यात रिवाजच पडला होता. सकाळी आशाबाईनं मोजे मागितले, तेव्हा सबीहा मानही वर न करता म्हणाली होती, "नंतर पाहू."

संध्याकाळी तिनं आशाबाईला स्टुलावर बसवलं.

"बाही वर करा."

"मले कायची सुई? डाक्टरसायेब म्हणे, कातडी फाटली नसन तं काई होत नाई. हे पाहा, ओरखडाबी नाई."

"एकच लस उरली होती. सकाळपासून तुमच्यासाठीच ठेवली. आता बोलू नका."

वॉर्डबॉय सूर्यभान दारातून हसला. "आशाबाई, रातच्याले भुकू नका बरं!"

"पयले तुलेच चावीन, मुडद्या!"

सबीहा हसली नाही. तिनं सुई टोचली.

पुढच्या सुया अकोल्याहून आल्या. आशाबाईला काही झालं नाही. सबीहा मात्र रोज तिचे डोळे न्याहाळायची, तिला पाण्याचा पेला द्यायची आणि ती पिईपर्यंत समोरून हलायची नाही.

कौंडण्यपूरच्या जत्रेहून आशाबाईनं तिला बांगड्या आणल्या.

"तुमी होत्या म्हणून मी हाओ, सिस्टर."

सबीहानं हात मागे घेतला. तिचे डोळे भरून आले.

"आता काहून रडून राहिल्या? मोज्याचं अजून मनात धरून बसल्या काय? म्या तं कवाच सोडलं."

सबीहानं बांगड्या घेतल्या. घातल्या नाहीत.

देवमन जिवंत होता त्या दुपारी त्याची बायको लेकीला घेऊन लशीच्या खिडकीशी आली होती. त्याच कुत्र्यानं लेकीची पोटरी धरली होती. फ्रिज न उघडताच सबीहा म्हणाली होती, "लस संपली. अमरावतीले घेऊन जा." खिडकीतून एस.टी. स्टँड दिसत होता. मायलेकी गावाकडच्या गाडीत बसल्या.