बॉनेटवरचे ठिपके

बॉनेटवरचे पांढरे ठिपके काही केल्या जाईनात. नूबियानं फडक्यावर आणखी थोडं पॉलिश घेतलं आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या मुलीनं दाखवलं होतं तसं गोल गोल घासायला लागली. ती मुलगी सारखी सांगत होती, हलक्या हातानं. तिला सांगायला काय जातंय! तिच्यापुढे कोरी करकरीत गाडी होती आणि नूबियापुढे नवऱ्याची म्हातारी विलिस जीप. शिवाय वेळ कमी होता. नवरा, आर्सेसिओ, दाढी करायला न्हाव्याकडे गेला होता. आज त्याला एका लग्नाचं भाडं होतं; अकराला येऊन तो तडक डोंगरावरच्या वस्तीवरून नवरीला आणायला निघणार होता.

नवरीची गाडी आपल्या हातानं चमकवायची, असं तिनं मनाशी घेतलं होतं. असलं काम आयुष्यात पहिल्यांदाच. फडकं हिरवं झालं तेव्हा तिनं ते झटकन उचललं. रंग निघाला की काय! पण मोबाइलमधली म्हणाली, जुन्या गाडीचं असंच होतं, घाबरू नका. मग ती नेटानं घासत राहिली. शेवटचा ठिपका गेला आणि हिरव्यागार बॉनेटमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसला, घामेजलेला पण खूश.

"अगं बाई! ठिपके कुठं गेले?" कुंपणापलीकडून शेजारच्या मेल्बाबाई ओरडल्या. त्यांच्या हातातली कॉफी सांडली.

"घासले की. मेला तास गेला त्यात. छान दिसतंय ना?"

मेल्बाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "अगं, ते डाग नव्हते. जुलैत ड्रायव्हरांची राखण करणाऱ्या कार्मेनमातेच्या सणाला पाद्रीबाबांनी शिंपडलेलं पवित्र पाणी होतं ते. इथले ड्रायव्हर ते कधी पुसत नाहीत, पुढच्या सणापर्यंत तसंच ठेवतात. तुला एवढंही कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं. नूबिया समुद्रकाठची. तिकडं त्या सणाला होड्यांवर पाणी शिंपडतात आणि पहिलीच लाट ते धुऊन नेते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. लग्न होऊन ती या डोंगरात आली त्याला चार वर्षं झाली होती. येताना घाटाच्या रस्त्यावर बसमध्ये चक्कर येऊन जे डोळे मिटले, ते गावात उतरल्यावरच उघडले. त्यानंतर ती त्या रस्त्यानं पुन्हा गेली नव्हती. आर्सेसिओ रोज सकाळी बॉनेटला बोट लावून ते ओठांना लावायचा, हे मात्र ती खिडकीतून बघायची. तिला वाटायचं, जीपचे लाड करतोय.

"आमच्या ह्यांनी एकदाच पुसलं होतं," एवढं बोलून मेल्बाबाई आत निघून गेल्या. त्यांना विधवा होऊन नऊ वर्षं झाली होती. कोणत्या वळणावर, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

नूबियानं मोबाइलवर वेळ पाहिली. आता ऑक्टोबर. पुढचा सण यायला नऊ महिने, आणि नवरा तर अर्ध्या तासात निघणार. तीर्थ आणायला चर्चमध्ये धावत जावं, तर न्हाव्याचं दुकान बरोबर चर्चच्या दारासमोर. काहीच सुचेना तेव्हा तिनं अंगणातल्या नळाखाली मग धरला. "माते, मला काय हवी ती शिक्षा कर, त्यांना नको," असं पुटपुटत तिनं बॉनेटवर पाणी शिंपडलं. पण पॉलिश केलेल्या पत्र्यावर थेंब ठरतील तर शपथ. मण्यांसारखे गोल होऊन ते घसरत खाली गेले. तिनं पुन्हा शिंपडलं. पुन्हा घसरले. तिला रडू फुटलं.

"वा! ही आपलीच जीप का?" आर्सेसिओ दारात उभा होता, गुळगुळीत दाढी केलेला. त्यानं सवयीनं बॉनेटला बोट लावलं. बोट ओलं झालं. त्यानं बोटाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या मगाकडे.

"मी पुसलं हो सगळं," नूबिया हुंदके देत म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. आज नका जाऊ. दुसऱ्या कुणाला पाठवा."

आर्सेसिओनं बोट विजारीला पुसलं. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "मेल्बाबाईंना सांगू नकोस. ते पाणी नळाचंच होतं."

"म्हणजे?"

"सणाला रांग केवढी होती! माझी पाळी येईपर्यंत पाद्रीबाबांची बादली संपली आणि ते जेवायला निघून गेले. ठिपके दिसल्याशिवाय इथं कुणी जीपमध्ये बसत नाही. मग काय, येताना कोपऱ्यावरच्या नळावर थांबलो."

नूबियाचं रडू थांबलं. जुलैपासून रोज हा माणूस त्या रस्त्यानं गेला होता, नुसत्या नळाच्या पाण्यावर.

"मग रोज बोट कशाला लावता?"

"भीती वाटते म्हणून," आर्सेसिओ म्हणाला. "रोज वाटते."

चार वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला होता. नूबियानं हातातला मग खाली ठेवला, पॉलिशचे हात झग्याला पुसले आणि पुढचं दार उघडून जीपमध्ये चढून बसली.

"अगं, तू कुठं निघालीस? तुला तर चक्कर येते."

"येऊ दे. पाण्याला वळण दिसत नाही. मी निदान ओरडेन तरी."

जीप सुरू झाली आणि ती ओरडलीच. अजून गल्लीचं टोकही आलं नव्हतं. आर्सेसिओनं मुकाट्यानं वेग कमी केला.