हमीपत्र

"तिसरी नोटीस आहे ही, परब," सेक्रेटरी श्यामसुंदर सोफ्यावर बसता बसता म्हणाला. "पहिल्या दोन कुठे गेल्या?"

"फाइलला लावल्यात," चंद्रप्रकाश म्हणाला. "तारखेप्रमाणे."

जानकी आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कोणी बसा म्हटलं नव्हतं. तिच्याच घरात तिला कोण म्हणणार?

चारकोपच्या त्या सोसायटीत परबांचं घर तळमजल्यावर होतं आणि मागे एक बंदिस्त गॅलरी. गॅलरीत एका बेकरीवाल्याने मोडीत काढलेली विजेची भट्टी, पावडर उडवायची गन आणि भिंतीत एक दणकट पंखा. पोरं आपल्या बाइकची रिम नाहीतर हँडल आणून देत. जुना रंग खरवडायचा, त्यावर रंगाची कोरडी पावडर उडवायची, मग भट्टीत भाजायचं. बाइक खडीवर घसरली तरी रंगाचा टवका उडायचा नाही असं काम. सात वर्षं हे चाललं होतं. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत 'परब अंकल'चा पत्ता पोरांना पाठ होता.

आज ते कायमचं बंद करायला सेक्रेटरी आला होता. सोबत तक्रारदार म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या अनुपमाताई.

"वास येतो हो," अनुपमाताई म्हणाल्या. "खिडकी उघडायची सोय राहिली नाही."

"तुमच्या खिडकीत एसी बसवलाय," जानकी म्हणाली. "ती उघडतच नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," श्यामसुंदर म्हणाला. त्याची स्वतःची गाडी आगीच्या बंबासाठी ठेवलेल्या जागेत गेली चार वर्षं उभी होती. तिथे तत्त्वाला जागा उरली नव्हती.

जानकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"झालं?" चंद्रप्रकाशने हळूच विचारलं.

"झालं."

"बघा," अनुपमाताई कळवळल्या. "यांच्या हातांवरचे चटके बघा. एवढ्याशा घरात भट्टी आणि चूल शेजारी शेजारी. छंद करायचे पुरुषांनी आणि भाजून घ्यायचं बायकांनी. खरं सांगते, जानकीताई, तुमची कीव येते मला."

"तुमच्याकडे ठेवा ती," जानकी म्हणाली. "मला जागा नाही."

श्यामसुंदरने टीपॉयवरची काळी रिम उचलली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. कुठे खाच नाही, कुठे थेंब नाही. क्षणभर तो सेक्रेटरी असल्याचं विसरला. "हात आहे हां तुमचा, परब. या कोपऱ्यात पावडर बसते तरी कशी?"

"बसते हो," चंद्रप्रकाश म्हणाला. "देवाची कृपा." आणि त्याने जानकीकडे पाहिलं.

"पार्टला अर्थिंग नीट लागत असेल तरच बसते," जानकी म्हणाली. "आणि कोपऱ्यात गनचा दाब कमी करावा लागतो. नाहीतर पावडर उलटी उडते."

श्यामसुंदर मनापासून हसला. "वा! ऐकून ऐकून वहिनींचंही पाठ झालं की."

जानकीने पदर खोचला. ती रिम त्याच्या हातातून काढून घेऊन कपाळात घालावी असं तिला वाटलं; पण ओरखडा पडला असता. रिमला.

"हे बघा, मी माणुसकी सोडलेली नाही," श्यामसुंदर म्हणाला. "इंडस्ट्रियल इस्टेट दहा मिनिटांवर आहे. तिथे गाळा घ्या."

"तिथे मी अकरा वर्षं कामाला होते," जानकी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "बायकांना संडास नव्हता. विचारलं तर म्हणाले, घरी जाऊन या. आले घरी. आता घरातूनही काढता?"

"वहिनी, तुम्हाला कोण काढतंय? विषय परबांचा चाललाय."

"हो ना," अनुपमाताई म्हणाल्या. "तुम्ही कशाला रक्त आटवता?"

काम बंद झालं तर या घरातली दुपार नुसती टीव्हीपुढे जायची होती, मरेपर्यंत. जानकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा शोधत होता.

श्यामसुंदरने कागद काढला. हमीपत्र त्याने स्वतः टाइप केलं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. "सही करा, नाहीतर उद्या वॉर्ड ऑफिसात अर्ज. भट्टी राहू दे तुमची, मी काही राक्षस नाही. वहिनींना पापडाचे डबे ठेवायला होईल. एकदा तुम्ही हात आखडला की मिटलंच."

चंद्रप्रकाशने सावकाश वाचलं: "मी, श्री. चंद्रप्रकाश परब, पावडर कोटिंगच्या यंत्राला यापुढे कधीही हात लावणार नाही."

"शपथेवर असं घालू?" त्याने विचारलं.

"घाला की," श्यामसुंदर खूश झाला.

चंद्रप्रकाशने घातलं आणि झोकात सही ठोकली.

"अहो, काय करताय?" जानकी ओरडली. "सात वर्षांचं काम, आणि एका रेघेत देऊन टाकलंत?"

"तू वाच तरी गो," तो म्हणाला. "साक्षीदार लागतो."

जानकीने कागद हिसकावला. फाडायच्याच बेताने धरला होता, तेवढ्यात तिने वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. तिने कागद टीपॉयवर सरळ केला.

"कुठे करू सही?" तिने विचारलं.

"शहाण्या आहात," अनुपमाताई म्हणाल्या.

पाहुणे जिना चढून गेले. जानकीने कडी लावली, गॅलरीत जाऊन तोंडाला मास्क बांधला, हातमोजे चढवले आणि गन उचलली. चंद्रप्रकाश दुसरी रिम घेऊन मागोमाग आला.

"रिम हुकाला अडकवा आणि लांब व्हा," ती म्हणाली. "सात वर्षांत एकदा या गनला हात लावला नाहीत, आता तर शपथेवर सही केलीय."